दिंडी, देवडी आणि साखळी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो. मी पडलो रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला माणूस. रजेचा अर्ज आणि फॉल्ट रिपोर्ट यांपलीकडे माझ्या लेखणीची धाव नाही. पण गेली काही वर्षे एक विषय डोक्यात घोळतो आहे. दारावरची बेल वाजली की आपण काय करतो, हा तो विषय. ऐकायला किरकोळ वाटेल, परंतु त्याला मोठा इतिहास आहे. त्यातले एक प्रकरण आपल्या पुण्यातले आहे आणि दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांना ते बहुधा ठाऊकही नाही.

विषय डोक्यात शिरला तो घरच्याच प्रसंगामुळे. वडील गेल्यानंतर आई आमच्याकडे करोल बागेत राहायला आली. २०१९ सालची गोष्ट. मी कामावर, सौ. बँकेत, मुलगी शाळेत. दुपारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, नीटनेटक्या कपड्यांतला एक तरुण उभा होता. गॅसची नळी तपासायला आलोय, म्हणाला. आईने त्याला आत घेतले. त्याने स्वयंपाकघरात जाऊन शेगडीखाली वाकून पाहिले, वहीत काही लिहिले आणि पाणी मागितले. उन्हाचा आलेला माणूस म्हणून आई त्याच्यासाठी सरबत करू लागली. ग्लास घेऊन ती बाहेर आली तेव्हा दार सताड उघडे होते. कपाटावरच्या डबीतल्या तिच्या दोन पाटल्या गेल्या होत्या.

हे तिने आम्हाला चौथ्या दिवशी सांगितले. तेही सौ.ने हात रिकामे का म्हणून विचारले तेव्हा. पाटल्या गेल्याच्या दुःखापेक्षा आपण फसलो याची लाज तिला जास्त होती. चार दिवस ती नीट जेवली नव्हती आणि आम्हाला वाटत होते की हवा बदलली म्हणून असेल. मी तिच्यावर चिडलो, हे इथे कबूल करतो. "आई, तू दार उघडलंसच कशाला?" असे दोनतीनदा विचारले. त्यावर ती एवढेच म्हणाली, "अरे, आमच्या वाड्यात दार कधी लावलेलं नसायचंच."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण वाड्याचे दार उघडे असे याचा अर्थ ते असुरक्षित असे, असा नाही. त्या दारामागे काय काय असे ते पाहू.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा मुख्य दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे आणि त्याचे नाव दिल्ली दरवाजा. आपण दिल्लीकरांनी पुण्याला गेल्यावर तो जरूर निरखून पाहावा. १७३० साली वाड्याचा पाया घातला गेला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. हत्तीने धडक देऊ नये म्हणून या दरवाजाच्या फळ्यांवर, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला, टोकदार खिळे ठोकलेले आहेत. मला मात्र त्या खिळ्यांपेक्षा उजव्या फळीतली दिंडी अधिक आवडते. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजात कापलेले लहान दार. रोजची ये-जा त्यातून व्हायची. त्यातून एका वेळी एकच माणूस आत येऊ शकतो आणि तोही मान वाकवून. वाकलेला माणूस हातात तलवार असली तरी ती चालवू शकत नाही. आत शिरल्याबरोबर देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा. पाहुण्याने नावगाव सांगायचे, निरोप आत जायचा, होकार यायचा आणि मगच पुढचा चौक दिसायचा.

सामान्य माणसांच्या वाड्यांना हत्तीची भीती नव्हती, पण रचना तीच होती. रस्त्यावरचा दरवाजा, त्याला आतून आडवा अडसर, मग बोळासारखी अंधारी जागा, मग चौक आणि शेवटी ओसरी. दिवसा दरवाजा उघडा असला तरी अनोळखी माणूस ओसरीपर्यंत पोहोचायच्या आत नळावरची बाई, पायरीवरचे आजोबा, अंगणात गोट्या खेळणारी पोरे, असे चारपाच जण त्याला विचारून मोकळे होत, "कोण हवंय?" आईच्या लक्षात उघडे दार राहिले. हा प्रश्न कोणीतरी आपल्या वतीने विचारत असे, हे तिच्या लक्षात राहिले नाही. आजार नसला की औषधाची आठवण राहत नाही, तसेच हे.

अर्थात देवडीवर भरवसा ठेवूनही घात होतोच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, याच शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. मारेकरी गारदी हे पेशव्यांच्याच चाकरीतले होते आणि थकलेल्या पगाराचे निमित्त करून ते आत घुसले. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही. खिळ्यांचा दरवाजा परक्या हत्तीसाठी होता आणि घात ओळखीच्यांनी केला, एवढे इथे नोंदवतो. कारण दोनशे वर्षांनंतरच्या पुण्यातही काहीसे तसेच घडले.

दरम्यान वाडे ओस पडू लागले होते. विसाव्या शतकात डेक्कन जिमखाना, एरंडवणे या भागांत बंगले उठले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पाण्याने गिळले. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर यांसारख्या नव्या वसाहती झाल्या. पुढे सहकारी सोसायट्या आणि फ्लॅट आले. उजेड, हवा, स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास अशी सुखे मिळाली आणि ती कोणाला नको होती? पण देवडी, बोळ आणि चौक गेले. रस्ता आणि आपला दिवाणखाना यांच्यामध्ये आता दीड इंच जाडीची एक फळी उरली. घरातल्या कोणीतरी, बहुतेक वेळा घरातल्या लहानाने किंवा म्हाताऱ्याने, बेल वाजली की धावत जाऊन ती उघडायची, असा रिवाज पडला.

या फळीपाशी काय होऊ शकते, ते पुण्याने १९७६ साली पाहिले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे आरोपी. ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच एका वर्गमित्राचा फसवून नेऊन खून केला. ३१ ऑक्टोबरच्या रात्री विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबाच्या घरात शिरून नवरा-बायकोला मारले आणि बाहेर गेलेला मुलगा परत आल्यावर त्यालाही सोडले नाही. २२ नोव्हेंबरला शंकरशेट रस्त्यावरच्या एका बंगल्यावर ते चालून गेले. तिथे मात्र घरातल्या बाईंनी आणि दोन नोकरांनी जोराचा प्रतिकार केला आणि हे चौघे कुंपणावरून उड्या टाकून पळाले.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १ डिसेंबर १९७६ रोजी, रात्री आठच्या सुमारास भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्याची बेल वाजली. हे घर काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचे. संस्कृत व्याकरणाचा जो कोश १९६१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला, तो यांनीच केलेला. वय ऐंशीच्या पुढे गेलेले. घरात ते, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि कामाला असलेल्या वृद्ध बाई, अशी पाच माणसे होती. बेल ऐकून कॉलेजात जाणाऱ्या नातवाने दार उघडले. रात्री आठ ही काही अवेळ नव्हे. त्या वेळी कोणीही उघडले असते. त्याच्याच तोंडात बोळा कोंबून, हात बांधून, त्याला पुढे घालून ते घरभर फिरले. त्या घरातला एकही माणूस वाचला नाही.

पुढच्या तपशिलात मी जात नाही. २३ मार्च १९७७ रोजी चौघांनी ओळखीतल्याच आणखी एका तरुणाला मारून त्याचे प्रेत नदीत टाकले. ते दुसऱ्या दिवशी वर आले. आधीच्या खुनांतल्या आणि या प्रेताच्या दोरीच्या गाठी एकाच तऱ्हेच्या आहेत, हे पोलिसांच्या लक्षात आले आणि धागा सापडला. त्यांचाच एक मित्र माफीचा साक्षीदार झाला. २८ सप्टेंबर १९७८ रोजी सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, वरच्या न्यायालयांनी ती कायम केली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांनाही फाशी झाली. या प्रकरणावरून पुढे 'माफीचा साक्षीदार' हा नाना पाटेकरांचा चित्रपट निघाला होता.

माझा जन्म त्यानंतरचा. पण १९७६ चा तो हिवाळा मी आत्याच्या दारावर पाहिला आहे. पुण्याला डिप्लोमा करताना मी तिच्याकडे, एरंडवण्यात राहायचो. १९९६-९७ चा तो काळ, म्हणजे घटनेला वीस वर्षे उलटली होती. तरी आत्याच्या दाराला एक पितळी साखळी, एक मॅजिक आय, वर एक आणि खाली एक खिट्टी, आणि शिवाय लोखंडी जाळीचे दार होते. ती सांगे की त्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहा-सातलाच रस्ते निर्मनुष्य व्हायचे, क्लासेस लवकर सुटायचे आणि गल्लीतली मुले काठ्या घेऊन आळीपाळीने जागायची. सुताराकडे साखळी बसवायला नंबर लावावा लागला होता. मी कॉलेजातून येऊन बेल वाजवली की आतून "कोण?" असा आवाज येई. "मी" असे म्हटले की दार उघडत नसे. "मी म्हणजे कोण? मी तर आत आहे!" मग पूर्ण नाव सांगायचे, भोकासमोर उभे राहायचे, आणि मगच कड्यांचा खडखडाट ऐकू येई. भूक लागलेली असताना याचा फार राग यायचा.

आई त्या वेळी वडिलांबरोबर दौंडच्या रेल्वे कॉलनीत होती. तिथे सगळे क्वार्टरवाले एकमेकांना ओळखायचे, गस्तही होती. त्यामुळे तिने पुण्याची ती भीती फक्त ऐकली, अनुभवली नाही. वाड्यातून ती कॉलनीत गेली आणि कॉलनीतून थेट दिल्लीतल्या फ्लॅटमध्ये आली. अनोळखी माणसासाठी एकट्याने दार उघडण्याची वेळ तिच्यावर सत्तरीत पहिल्यांदा आली, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

आता आपल्या करोल बागेकडे येऊ. १९११ साली राजधानी दिल्लीला आणण्याची घोषणा झाली आणि नव्या शहरासाठी ज्या वस्त्या हलवल्या, त्यांतल्या अनेकांना १९२० च्या दशकात इकडे जागा मिळाली. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी घरे बांधली तेव्हा दोन दारे केली. आत लाकडी आणि बाहेर लोखंडी जाळीचे. उन्हाळ्यात लाकडी दार उघडे ठेवून वारा घ्यायचा आणि जाळी आतून लावलेली. बोलणे, पैसे देणे, पार्सल घेणे हे सगळे जाळीतून. मी सुरुवातीला या जाळ्यांना हसायचो, तुरुंगासारख्या दिसतात म्हणून. आता वाटते की ही आपली दिंडीच आहे. शेजारच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या बीजी तर त्याहून हुशार. भाजीवाला आला की त्या बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडतात. बेल वाजली की आधी बाल्कनीतून "कौन है भई?" असे गल्ली दणाणेल इतक्या मोठ्याने विचारतात. निम्मे उपटसुंभ तेवढ्यानेच पळत असतील. आताच्या बिल्डर फ्लोअरमध्ये खाली पार्किंग आणि जिन्याला कुलूप असते खरे, पण कोणीतरी वरून बटण दाबून कोणालाही आत सोडतो. एका मजल्याचा आळस चारही मजल्यांना भोवतो.

आमच्या रेल्वेत एक पद्धत आहे, ती इथे सांगण्यासारखी आहे. ज्या फाटकाचे सिग्नलशी इंटरलॉकिंग नसते, तिथे गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो. गेटमनने "फाटक बंद केले" एवढे म्हणून चालत नाही. त्याच्याजवळ छापील आकड्यांचा एक तक्ता असतो. त्यातला पुढचा आकडा तो सांगतो, याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. मास्तर तो लिहून घेतो आणि मगच सिग्नल देतो. दोघे वीस वर्षे एकत्र चहा पिणारे असले तरी हा नंबर चुकत नाही आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. आवाज ओळखीचा आहे म्हणून भागत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली काहीतरी खूण लागते.

गळ्यातले ओळखपत्र ही खूण नव्हे. ते कोपऱ्यावरच्या दुकानात कोणीही छापून घेतो. गॅसवाला, मीटरवाला, केबलवाला, बँकेचा माणूस कोणीही असो, आपण बोलावलेला नसेल तर त्याला जाळीबाहेर थांबवून आपल्या बिलावर छापलेल्या नंबरला आपण स्वतः फोन करावा. त्याने दिलेल्या नंबरला नव्हे. खरा माणूस थांबतो. "वेळ नाही, पुढे जायचंय" म्हणून घाई करू लागला तर खुशाल जाऊ द्यावे. हल्ली पार्सलवाले ओटीपी मागतात, तोही प्रायव्हेट नंबरचाच भाऊ आहे. पण जे पार्सल आपण मागवलेच नाही, त्याचा ओटीपी कोणाला वाचून दाखवू नये.

साखळीबद्दल एक कारागिरीची गोष्ट. आईच्या प्रकारानंतर मी घरातली जुनी साखळी तपासली. ती अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर उभी होती आणि स्क्रू चौकटीवरच्या शोभेच्या पट्टीत बसवलेले. खांद्याचा एक धक्का मारला की पट्टीसकट हातात आली असती. स्क्रू किमान दीड-दोन इंचांचे हवेत आणि ते चौकटीच्या मूळ लाकडात घुसायला हवेत. साखळी इतकीच लांब असावी की फटीतून हात जाईल, पाय रोवता येणार नाही. मॅजिक आय घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला हवा. आमच्याकडे तो माझ्या उंचीला होता आणि घरात दिवसभर असणार आई! दाराबाहेरचा दिवा गेलेला असेल तर त्या भिंगाचा काही उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो. कॅमेऱ्याच्या बेल आल्या आहेत, त्या चांगल्या आहेत, पण वीज गेली की शेवटी खिट्टीच.

आणि दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. सावधगिरीच्या नावाखाली आपण हल्ली सामान पोहोचवणाऱ्या पोरांना, भांडीवाल्या बायकांना ज्या सुरात बोलतो, तो मला आवडत नाही. पुण्यातले ते चौघे कॉलेजची मुले होती. आमच्या गॅसवाल्याचे कपडे माझ्यापेक्षा बरे होते. भांडारकर रस्त्यावर घरच्यांबरोबर कामाच्या बाईंचाही जीव गेला आणि शंकरशेट रस्त्यावर बाईंच्या जोडीने झुंजले ते नोकरच होते. कपड्यांवरून संशय घेणारा कपड्यांवरूनच भरवसाही ठेवतो आणि तिथेच फसतो. सर्वांना एकच नियम लावला की कोणाचा अपमान होत नाही. दिंडीतून सरदारालाही वाकूनच यावे लागे.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे दिवसा एकटी असतात, त्यांनी दिल्ली पोलिसांकडे ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांची नोंदणी करावी. ही सोय २००४ पासून आहे. बीटचा शिपाई येऊन चौकशी करून जातो आणि त्यांच्यासाठी १२९१ हा वेगळा नंबर आहे. तातडीसाठी ११२. आम्ही नोंदणी केली ती पाटल्या गेल्यानंतर. पाटल्या मिळाल्या नाहीत. मात्र तक्रार लिहून घेणारे हवालदार आईला म्हणाले, "माताजी, इसमें शरम की क्या बात है, इस महीने आप तीसरी हैं।" त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली. मी चार दिवसांत जे करू शकलो नाही, ते त्या एका वाक्याने केले.

त्यानंतर आईने आत्याला फोन करून बराच वेळ तिची पद्धत समजून घेतली. आता ती लाकडी दार उघडते, जाळी उघडत नाही. गेल्या वर्षी श्रावणात आपल्याच मंडळाची तीन मुले वर्गणीसाठी आमच्या दाराशी आली. "आजी, आम्ही आहोत!" असे म्हणाली. आतून उत्तर गेले, "आम्ही म्हणजे कोण?" मुलांनी नावे सांगितली. पावतीपुस्तक जाळीतून आत घेऊन आईने मंडळाचा शिक्का पाहिला, मग मला ऑफिसात फोन करून खात्री केली. तोपर्यंत मुले जिन्यात उभी. पैसे जाळीतूनच बाहेर आले, मागोमाग प्रत्येकाला एकेक बेसनाचा लाडू. त्यातल्या एकाने संध्याकाळी आरतीच्या तालमीला माझ्याकडे तक्रार केली की, काका, तुमच्या आजींनी आम्हाला दहा मिनिटे उभे केले. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की यंदा वर्गणीला जाणाऱ्यांची नावे आणि जाण्याचा दिवस आदल्या आठवड्यात सर्व सभासदांना कळवावा. म्हणजे मुलांचा वेळ वाचेल. लाडू मात्र उभे राहिल्याबद्दलच मिळतात, असे आईने सांगून ठेवले आहे.